फरक शून्य

साकोलीच्या कॉलेजात मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. दर वर्षी प्रॅक्टिकलला डेरिव्हेटिव्हचा प्रोग्रॅम असतो आणि दर वर्षी पोरं तिथेच माती खातात. x चा वर्ग, x ची किंमत दोन. h एवढं पुढे सरकायचं, दोन्ही ठिकाणच्या किमतींतला फरक काढायचा आणि त्याला h ने भागायचं. उत्तर चारच्या आसपास यायला पाहिजे. पण h शून्याकडे जातो हे बारावीपासून डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून पोरं h इतका बारीक घेतात की float मध्ये, म्हणजे मशीन दशांश आकड्याला देतं त्या ठरावीक जागेत, तो मावतच नाही. दोनमध्ये मिळवला तरी मशीनला दोनच दिसतात. फरक शून्य, उत्तर शून्य.

"अरे, इतकं जवळून पाहाल तर काय दिसन, कपाळ?" यंदाही मी लॅबमध्ये ओरडलो.

घरी मी आणि आई दोघंच. दिवाळीला आसगावहून बहीण आली. दर वर्षी ती आईसाठी बांगड्या आणते, एकाच मापाच्या. साबण लावून, हात दाबून त्या चढवाव्या लागतात. आई कळवळते, तिला शिव्या घालते आणि आम्ही हसतो. यंदा साबणाची गरजच पडली नाही. बांगड्या सरळ आत गेल्या आणि कोपरापर्यंत घसरल्या.

"माय वो, काय झालं तुले?" बहिणीला रडूच फुटलं.

"कायले रडून राहिली? म्हातारपण आहे," आई म्हणाली.

दोन्ही वेळा मी आईसमोर बसून जेवतो. मला काहीच दिसलं नव्हतं, तिलाही नाही. उलट मला बहिणीचाच राग आला, जणू तिनेच ते घरात आणलं.

नागपूरला तपासण्या झाल्या. पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे. औषधं सुरू आहेत.

आता सकाळी चहा पिताना माझं लक्ष तिच्या मनगटावरच असतं.

"काहून पाहून राहिला रे? उतरली का मी कालच्याहून?"

"नाही वो माय, तशीच आहेस."

खोटं नाही बोलत मी. कालच्याहून आज खरंच काही फरक नसतो.

बहीण संक्रांतीला बांगड्या घेऊन येते म्हणत होती. मी तिला फोनवर सांगितलं, एवढ्यात येऊ नको.