शंभूची बुलेट आणि हळदीची पानं

लिही गो गौरवी, सांगते तसंच लिही, मध्ये मध्ये शुद्ध करत बसू नको. तुझा शंभूआजोबा, माझा धाकटा भाऊ, पेडण्याच्या बाजारात पायलट. विमानाचा नव्हे. मोटारसायकलवर मागे माणूस बसवून भाडं मारतो, त्याला आमच्याकडे पायलट म्हणतात. पिवळा मडगार्ड आणि त्याची ती जुनी बुलेट. लग्न ठरवायला गेलेली माणसं, तापाची पोरं, मास्तरणी, सगळ्यांना त्यानं पोचवलंय. पेडण्यात कुठल्या बाईच्या पोटरीवर गोल काळा डाग दिसला की समजायचं, ही कधीतरी शंभूच्या गाडीवर बसलीय आणि सायलेन्सरला पाय लागलाय. माझ्या तर दोन्ही पोटऱ्यांवर आहे.

त्या गाडीला पाणी नाही लागत. मोटारीत पाणी घालतात, ते इंजिन थंड करतं. बुलेटच्या इंजिनाला बाहेरून फासळ्या आहेत, उपाशी कुत्र्याच्या असतात तशा. त्या फासळ्यांमधून वारा गेला पाहिजे, की झालं. शंभू म्हणतो, "हिका तेल आनि वारो, बाकी काय नको. माझ्यासारखी." भाडं सोडून आला की बोट पाण्यात बुडवून एक थेंब इंजिनावर शिंपडतो, आम्ही घावन घालायच्या आधी तव्यावर शिंपडतो तसा. चर्र झालं की गाडी फणसाच्या सावलीत, आणि हा चहाला. गिऱ्हाईक बोंबललं तरी चालेल.

पण गेल्या वर्षी गाडी वाटेत बंद पडायला लागली. चढाला इंजिन तापलं की खटखट, की गप्प. त्याचा मुलगा योगेश, तुयेच्या कारखान्यात सुपरवायझर, त्यानं नवी मोटार घेतलेली. तो चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी म्हणाला,

"बाबा, आता ही विका. मोरजीचो एक हॉटेलवालो मागता. दारात उभी करतलो, वर फुलांच्यो कुंड्यो ठेवतलो."

"कुंड्यो? आधी तुझ्या डोक्यावर ठेव," शंभू म्हणाला.

"बरां. आज गणपती आणूक जातात मां? वाटेत एकदा जरी बंद पडली तर गाडी हॉटेलात. नाय पडली तर मी परत विषय काढूचंय नाय."

शंभू माझ्याकडे बघायला लागला. तोंड असं, की कोणी त्याच्या पोरीला मागणी घातलीय आणि नवरा नुसता दारात उभा करून ठेवणारा आहे. मी म्हटलं, "चल रे, मी येते मागे. गणपती मी धरते." त्याची बायको सुलोचना धरायची दर वर्षी, पण तिचा गुडघा सुजलेला.

आमचा गणपती मुळगावच्या पांडुरंगाकडचा. आमचं मूळ घर तिथलं. आपला पाट आधी नेऊन द्यायचा, त्या पाटावरच तो मूर्ती घडवतो. एकदा उचलली की घरी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. पांडुरंग म्हणाला, "सावकाश जावा रे, पावसान माती सुकली नाय. सोंड आतून ओली आसा." झालं. सावकाश गेलं तर वारा नाही, वारा नाही तर गाडी तापणार. जोरात गेलं तर सोंड. शंभूनं डोक्याला हात लावला आणि मला म्हणाला, "बाय, तू सोंडेवर लक्ष ठेव, मी गाडयेवर ठेवतंय."

माटोळीचं सामान डिचोलीच्या बाजारात घेतलेलं. गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधून टांगतो ना आपण, ते. नारळांचा घोस, सुपाऱ्या, आणि पानात वाफवायच्या गोड पातोळ्यांसाठी हळदीच्या पानांचा हा एवढा भारा. माझ्या मांडीवर देव, मग सामान कुठं? शंभूनं ते पुढच्या चाकामागच्या लोखंडी गार्डला छान आवळून बांधलं. चवथीला सगळे असंच बांधतात, गाडी नवरीसारखी दिसते. योगेश मोटार घेऊन मागून. मदतीला म्हणे. मदतीला कसला, पहाऱ्याला. म्हणून शंभूनं त्याच्या मोटारीत एक सुपारीसुद्धा ठेवली नाही.

अस्नोड्यापर्यंत मजेत. पुढे गर्दी. कोलवाळच्या पुलावर सगळा गोवा उभा, प्रत्येकाच्या हातात गणपती नाहीतर दोडकी. गाडी उभी आणि इंजिन चालू, कारण बंद केलं तर योगेश म्हणणार पडलं. थोड्या वेळानं माझ्या पायाला चुलीसमोर बसल्यासारखी धग लागायला लागली. इंजिनातून खट, खट.

"बाय, जातां गो ही," शंभू म्हणाला, एकदम बारीक आवाजात. डोळ्यांत पाणी.

शेजारच्या बसचा कंडक्टर म्हणाला, "पाणी ओत रे."

"तापल्या तव्यावर ओततत काय? तडकतली ना," शंभू म्हणाला.

पलीकडे स्कूटरवर एक बाई, नव्या सुनेच्या ओवशासाठी, गौरीपुढे ओवाळायचं नवं कोरं सूप घेऊन. तिचं नाव सुमंगला, नंतर कळलं. ती काही न विचारता उतरली आणि सुपानं इंजिनाला वारा घालायला लागली. बसमधली माणसं खिडक्यांतून बघायला लागली. एकजण म्हणाला, "बाळंतिणीक घालतत तसो घाल." खटखट काही थांबेना. पण वास सुटला. असा गोड, वाफेचा वास, की पुलावरची माणसं नाकं वर करून बघायला लागली.

"कोणी पातोळ्यो हाडल्यो रे?" कंडक्टर विचारतो. "एक दे."

मी पण हुंगत होते. हळदीचं पान वाफवलं की येतो तोच वास. आणि चूल कुठं? माझ्या पायाशी.

"शंभू," मी म्हटलं, "मेल्या, तू इंजिनाक गोधडी पांघरलंस."

सुमंगलानं भारा उचलून बघितला तर पानं लुळी पडलेली आणि त्यांतून वाफा. फासळ्या सगळ्या झाकलेल्या. वारा जाणार कुठून? दर चवथीला वाटेत असं उभं राहावं लागायचं नाही, म्हणून कळलंच नव्हतं. माझे दोन्ही हात देवाला, मी हलू शकत नाही. हसू तर असं की गणपती मांडीवर थरथरतोय. "सोंड, बाय, सोंड," शंभू ओरडतो.

सुमंगलानं दोरी कापली. सामान ठेवायचं कुठं? मागे योगेशच्या मोटारीची काच खाली होती. तिनं सगळा गरम भारा उचलून त्याच्या मांडीवर टाकला. त्याचं ओरडणं पुलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असेल.

तेवढ्यात वाट मोकळी झाली. शंभूनं बुलेट सोडली. पुलापलीकडच्या चढावर वारा असा भरला की माझा पदर मागे निशाणासारखा, खटखट गेली, आणि जुना धप-धप-धप आवाज लागला. धारगळला घराकडे आत वळलो तेव्हा शंभू भजन म्हणत होता, नको तिथं ताल. सोंड शाबूत.

सुलोचना दारात पाणी-तांब्या घेऊन उभी. मी देव घेऊन उतरले, पायांवर पाणी घेतलं, आत चौरंगावर बसवला, तोवर शंभू बाहेर गाडी चालूच ठेवून उभा. मग स्वतःच्या हातानं बंद केली.

योगेश मागाहून आला. पँट ओली, अंगाला हळदीचा वास. म्हणाला, "आते, मी पानां घेतलंय म्हणून गाडी पोचली. आसा मां?"

"आसा," मी म्हटलं. "हॉटेलवाल्याक पण तसांच सांग."

त्यानं फोन काढला, आणि अंगणात जाऊन त्याला सांगितलं की कुंड्या दुसऱ्या कशावर तरी ठेव.

दुसऱ्या दिवशी सुलोचनानं त्याच पानांच्या पातोळ्या केल्या. पानं आधीच मऊ, घडी छान बसली. शंभूनं एक सोलून खाल्ली.

"जरा ऑईलचो वास येता," तो म्हणाला.

"मगे खावूं नकात," सुलोचना म्हणाली.

त्यानं दुसरी घेतली.