बर्वेकाकूंची बादली

पुण्यात घर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी माझ्या दारातल्या कचऱ्याच्या बादलीत हात घातला, भेंडीचं एक देठ उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, "आपल्याकडे भाजी पुरुषमाणूस आणतो वाटतं? निम्मी जून आहे." मी हो म्हणालो. "मग कचरा भरपूर मिळेल," असं म्हणून त्या बादली घेऊन गच्चीवर गेल्या. ही माझी आणि बर्वेकाकूंची ओळख. माझं नाव, गाव आणि नोकरी त्यांनी पुढच्या पंधरा दिवसांत त्या बादलीतूनच काढली.

वारज्यातली आमची सोसायटी चार मजल्यांची, बिनलिफ्टची, सोळा बिऱ्हाडांची. आजूबाजूला तेव्हा थोडी ज्वारी शिल्लक होती आणि बिल्डरांच्या पाट्या ज्वारीहून उंच होत्या. मी यवतमाळकडचा वानखेडे, हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसणारा, नुकतंच लग्न झालेला. राहायला चौथ्या मजल्यावर, बरोबर गच्चीखाली. काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्याच असायच्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. मग यंत्रं आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ उगवले आणि वरच्यांनी काकूंना मुदतीआधी घरी बसण्याचा प्रेमळ आग्रह केला. "तीस वर्षं पुण्याची बोलणी ऐकली," त्या सांगायच्या. "फोनवर माणसं फार खोटं बोलतात हो. कचरा खोटं बोलत नाही."

नारायण पेठेतलं बिऱ्हाड सोडून त्या वारज्याच्या 'जंगलात' आल्या त्या केवळ या गच्चीसाठी. तिथे त्यांनी विटांचे वाफे रचले, खाली प्लास्टिक अंथरलं आणि सोळा घरांचा ओला कचरा, नारळाच्या शेंड्या व आंबट ताक घालून माती तयार केली. त्या मातीत मेथी, माठ, शेपू, मिरच्या, पुदिना, कढीपत्ता यायचा. टाकीच्या पाइपावर दोडका चढवलेला असायचा. टाकीखालच्या कोपऱ्यात सतत पाणी झिरपायचं, म्हणून तिथे अळू. आमच्याकडे त्याला धोपा म्हणतात, हे मी एकदा सांगितलं. "म्हणा काहीही, पण चिंच घालायला विसरू नका," एवढंच उत्तर मिळालं.

भाजी फुकट मिळायची, पण कचरा दिल्याशिवाय नाही. आणि कचऱ्यावर शेरा ऐकल्याशिवाय तर नाहीच. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मधुमेही गृहस्थांच्या बादलीत आंब्याच्या सहा कोयी सापडल्या तेव्हा काकूंनी त्यांना जिन्यातच कारलं दिलं. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंनी कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या फेकल्या म्हणून त्यांची कोथिंबीर महिनाभर बंद होती. कुणाचं रोप मेलं तर सांत्वन नसायचं. "रडू नका. पाणी जास्त घातलंत हे कबूल करा, दुसरं रोप देते." आमच्या सोसायटीत या अटीवर रोप मागायची हिंमत फार थोड्यांना होती.

काकूंचा आणखी एक नियम असा की कचरा प्लास्टिकच्या पिशवीत चालणार नाही, कागदात गुंडाळून द्यायचा. माझ्याकडे वर्तमानपत्र येत नसे. मी ऑफिसातले छापलेले रद्दी कागद वापरायचो. दोन-तीनदा काकूंनी मला जिन्यात थांबवलं. "वानखेडे, तुमच्या कंपनीत एका बाजूला छापतात आणि दुसरी कोरीच सोडतात. अशाने कंपनी चालते कशी?" त्या माझा कचरा नुसता बघत नाहीत, वाचतात, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मी राहायला आल्याला दोन वर्षं झाली, त्या डिसेंबरात आमच्या झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली. आधी बशीएवढी, मग परातीएवढी. रंगाचे पोपडे पलंगावर पडू लागले. माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता आणि बाळंतपण पुण्यातच, त्याच खोलीत काढायचं ठरलं होतं. मी गच्चीवर जाऊन पावलं मोजली. पलंगाच्या बरोबर डोक्यावर अळूचा वाफा होता. म्हणजे जे अळू आम्ही बोटं चाटून खात होतो, त्याचंच पाणी आमच्या उशीवर ठिबकत होतं.

"सांगून टाका ना जी त्यांना एकदाचं," बायको म्हणाली. मी उद्या सांगतो म्हणालो. असे बरेच उद्या गेले. दोन वर्षं ज्यांची मेथी खाल्ली त्यांना तुमची बाग काढा हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. सेक्रेटरीला निनावी पत्र लिहायचं. ऑफिसातल्या एका छापील कागदाच्या कोऱ्या बाजूवर कच्चा मसुदा केला. त्यात 'काही सभासदांचे बेजबाबदार छंद' असा शब्दप्रयोग होता आणि तो मला फार आवडला होता. खाली 'एक त्रस्त सभासद'. मग चांगल्या कागदावर उतरवून पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कच्चा कागद चुरगाळून टाकला. माझी बायको काटकसरी. तिने तो सरळ केला आणि त्यात कांद्याची सालं गुंडाळून बादलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात काकू. एका हातात धुतलेली बादली, दुसऱ्या हातात तो कागद. त्यांनी तो दोरीवर चिमटा लावून वाळवला होता. शाई फुटली होती, कांद्याचा वास येत होता, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. उलटून बघितलं तर मागे माझ्या प्रोजेक्टचं नाव ठळक छापलेलं.

काकूंनी ब्लाउजला अडकवलेलं निळं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"सही राहिली आहे," त्या म्हणाल्या.

मी खिशातलं पत्र काढलं, दाराला टेकवलं आणि खाली सही केली. काकूंनी पत्र घेतलं, मग आत येऊन छत बघितलं. पलंगावर चढायला त्यांना हात द्यावा लागला. त्यांनी ओलीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. उतरल्यावर बायकोकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंत?" मग पत्र सेक्रेटरींकडे द्यायला त्या स्वतःच खाली गेल्या.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. सगळी सोसायटी माझ्या विरोधात. ज्यांची ज्यांची फोडणी काकूंच्या कढीपत्त्यावर चालायची त्यांना माझ्या छताची ओल दिसेचना. कुणी म्हणालं हवामान, कुणी म्हणालं रंगच हलका. आंब्याच्या सहा कोयीवाले गृहस्थ म्हणाले की बाहेरून आलेल्या लोकांना पुण्याची कदर नसते. मी खाली मान घालून बसलो होतो. तेवढ्यात काकू उठल्या. "ओल माझ्या अळूची आहे, मी हात लावून पाहिली. त्या खोलीत बाळ यायचंय. वाफे पंधरा दिवसांत निघतील." आणि माझ्याकडे बोट करून पुढे म्हणाल्या, "या सोसायटीत तोंडावर येऊन सांगणारा हा एकच माणूस निघाला. बाकी तुम्ही सगळे कढीपत्त्याचे मिंधे."

मी उठून खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

वाफ्यांच्या विटा चार मजले खाली मीच उतरवल्या. काकू वर उभ्या राहून मोजत होत्या. शेवटची पाटी उचलली तेव्हा रिकाम्या गच्चीकडे बघत त्या म्हणाल्या, "केवढी मोठी आहे हो ही." मी पाटी घेऊन घाईने जिना उतरलो, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माती आणि रोपं त्यांनी सोळा घरांत वाटली, अर्थात बादलीच्या अभ्यासावरून. माझ्या वाट्याला गवती चहा आला. "हा कुणाच्याही हातून मरत नाही," असं कारणही सांगितलं. आमची मुलगी झाली तेव्हा काकू स्वतःच्या टीचभर बाल्कनीतला शेपू जुडी जुडी करून बाळंतिणीसाठी आणून देत होत्या. खोली तोवर कोरडी ठणठणीत झाली होती. वाफे गेले तरी सोळा घरांच्या बादल्या काकूच उचलायच्या आणि गच्चीवरच्या एका पिंपात माती करून सगळ्यांच्या कुंड्यांना वाटायच्या.

नऊ वर्षांनी काकू एका दुपारी झोपेतच गेल्या. त्यानंतर तीन दिवस आमच्या दारांतल्या बादल्या तशाच भरून राहिल्या. कुणालाच त्या उचलून बाहेर टाकाव्याशा वाटेनात.

चौथ्या दिवशी त्यांची मुलगी धायरीहून घर आवरायला आली होती. मी भेटायला गेलो. ती म्हणाली, "तुम्ही वानखेडे ना? आई नेहमी सांगायची, चौथ्या मजल्यावरचे वानखेडे म्हणजे सरळ माणूस. मनात असेल ते तोंडावर बोलतात."

नऊ वर्षं हे ऐकून मी गप्प बसत आलो होतो. सोसायटीत त्या एका वाक्यावर मला मान होता, पुढे सेक्रेटरीही झालो होतो. त्या दिवशी मात्र सगळं सांगितलं. निनावी पत्र, कांद्याची सालं, दोरीवर वाळवलेला कागद, दारातली सही. पेनसुद्धा तुमच्या आईचंच होतं, हेही सांगितलं.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. चेहरा थेट काकूंचा.

"मग पेन परत केलंत का?" तिने विचारलं.

केलं नव्हतं. ते तेव्हाही माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते हातात घेतलं, टोपण काढून नीब बघितली आणि मला परत दिलं.

"राहू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली. "आणि जाताना आईच्या दारातली बादली गच्चीवर घेऊन जा."