तहकुबी रद्द समजावी

माझ्या संसारातलं पहिलं भांडण चार दिवसांत मिटणार होतं. ते मी शुद्ध मराठी वापरून पंधरा दिवसांवर नेलं.

एकोणपन्नास साल नुकतंच लागलं होतं. मी कोल्हारला शाळेत मराठी शिकवायचो. लग्नाला सहा महिने झाले होते. एके दिवशी बायकोनं, सरूनं, बेलापूरला आपल्या आईला पत्र लिहिलं आणि वाळत ठेवलं. हाताची खोड जाईना! मी ते तांबड्या शाईनं तपासलं आणि खाली शेरा मारला, 'दहापैकी तीन.' (त्यातला एक मार्क प्रेमाचा होता, पण हे तिला कोण सांगणार?) सरूनं पत्र पाहिलं, ट्रंक भरली आणि सर्व्हिस मोटारीनं माहेर गाठलं.

घर अगदी खायला उठलं. मला मात्र खायला काहीच नव्हतं, कारण माझी भाकरी तव्यावरून कधी अखंड उतरलीच नाही. मला सरू परत हवी होती. त्यात पेपरात मोठ्या अक्षरांत बातमी आली, काश्मीरचं युद्ध तहकूब! शब्द कसा भारदस्त! मी लगेच कार्ड टाकलं : 'आपल्यातील युद्ध मी आजपासून तहकूब करीत आहे. त्वरित निघून यावे.'

उत्तर सासऱ्यांचं आलं. त्यांचा जन्म कोर्टात बेलीफ म्हणून गेलेला. बोलायचे गावचं, पण लिहायचे कोर्टाचं. 'दावा तहकूब ठेविल्याचे समजले. तहकूब म्हणजे निकाल नव्हे. पुढील तारीख कळवावी. तोवर मुलगी आमचे ताब्यात राहील.'

आता कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी शब्दकोश काढला! त्यात सापडलेला त्याहून भारी शब्द घालून दुसरं कार्ड लिहिलं : 'तहकुबी रद्द समजावी. त्याऐवजी शस्त्रसंधी. रविवारी येत आहे.'

रविवारी सायकलला पिशवी अडकवून मी बेलापूरला पोचलो. सासरे ओट्यावर मांडीवर काठी आडवी घेऊन बसले होते. मी वाकून नमस्कार केला. काठी हलली नाही.

"जावईबापू, तहकुबी रद्द म्हंजे लढाई आजच की!"

"अहो मामा, तसं नव्हे..."

"आन् शस्त्राची संधी बी पायजे तुमाला?"

"मामा, संधी म्हणजे तह! सलोखा!"

"मंग तसं लिव्हायचं! त्या पिशवीत काय हाय?"

सरू नव्या विळीसाठी कधीची मागं लागली होती, म्हणून कोल्हारच्या बाजारातून चांगल्या पोलादाची विळी घेतली होती. सासऱ्यांनी झडती घेण्याच्या सवयीनं पिशवीत हात घातला, कागद सोडला आणि ते पातं उन्हात असं चमकलं म्हणता!

"सरूऽऽ! भाईर येऊ नगंस! ह्यो गडी हत्यार घिऊन आलाय!"

अर्थात सरू बाहेर आली. शेजारची चार घरंही आली. तिनं विळी घेतली, अंगठ्यानं धार पाहिली आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी पंधरा दिवसांत बराच वाळलो होतो.

"धार बरी हाय," ती म्हणाली. "अहो, कार्डावर 'माजं चुकलं' येवडं लिव्हलं असतं, तर मी दुसऱ्या दिशीच आले असते. येवडं सोपं मराठी येत न्हाई व्हय तुमाला?"

मला खरंच लाज वाटली. मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मोठ्यानं बोला," सासरे म्हणाले. "साक्षीदारांना आयकू गेलं न्हाई."

मी ओरडून म्हणालो. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या, सासऱ्यांनी काठी खाली ठेवली आणि सरू ट्रंक आणायला आत पळाली.

पुढं कैक वर्षं मी मुलांना व्याकरण शिकवलं, पण मला स्वतःला कधीही, कुठंही, बिनचूक म्हणता येतं असं वाक्य एकच : माझं चुकलं!