नेमबाजाच्या रकान्यातल्या तीन फुल्या

सहा वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, आईला तर नाहीच नाही. एकदा कोलोनला मैत्रिणीकडे गेले होते, तेव्हा अगदी जिभेवर आली होती — तेवढ्यात ती चहा घेऊन आली आणि मी तिच्या पडद्यांचं कौतुक करत बसले. पडदे कसले, डोंबल! आज मात्र सांगणार आहे. अडखळेन, वळसे घालेन, तो माझा स्वभावच आहे. पण आज पोचल्याशिवाय उठणार नाही.

स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी इंजिनीअर म्हणून लागले तेव्हा युरो नवीन होता आणि मीही. आमच्याकडे पिस्तुलं आणि काडतुसं तपासायला यायची. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तुला गाड्यांच्या कंपनीत कुणी घेईना का?" खरंच घेत नव्हतं. आमच्या बॅचची निम्मी मुलं इथे गाड्यांत चिकटली होती, मी पिस्तुलांत चिकटले. सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ; त्यात नापास झालं की नोकरी गेली, आणि नोकरीच्या मागोमाग व्हिसा. हे कारण म्हणून सांगत नाही हं. तेव्हा असं होतं, एवढंच.

पाचव्या महिन्यात मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. इथे साध्या माणसाला कोटाखाली पिस्तूल घेऊन फिरता येत नाही, पण हिरे-दागिन्यांची ने-आण करणारे काही रक्षक असतात, साध्या कपड्यांतले, त्यांना परवाना मिळतो. अशाच एका कंपनीला आपल्या छोट्या पिस्तुलांसाठी भरवशाचं काडतूस निवडून हवं होतं. आता छोटं पिस्तूल म्हणजे एक नखरेल प्रकरण असतं. मोठ्यात काहीही घाला, चालतं. छोट्यात जागा कमी, स्प्रिंग ताठ, काडतुसाला मॅगझिनमधून वर चढून नळीत शिरायला बोटभरही वाट नाही. कॅटलॉग काहीही म्हणो, झाडून बघायचं. तीनशे गोळ्या, आणि काडतुसामुळे एकही अडकता कामा नये. कारण ज्याच्या कोटाखाली ते असतं, त्याला अडकलेलं सोडवत बसायला वेळ मिळत नाही.

गोळ्या झाडायचे हेर ब्रेनर; इथलं 'हेर' म्हणजे आपलं 'श्रीयुत'. एकसष्ट वर्षांचे, मिशा पांढऱ्या, लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली. मी शेजारी कागद लावलेली फळी घेऊन उभी राहायची, मोजायची आणि प्रोटोकोल, म्हणजे चाचणीची नोंद, लिहायची. ते मला 'फ्राऊ डोक्टर', म्हणजे डॉक्टरबाई, म्हणायचे. मी काही डॉक्टर नव्हते, आणि मला वाटायचं म्हातारा टोमणा मारतोय. माझं आडनाव जगताप. ऑफिसात सगळे त्याचं 'याग्टाप' करायचे. ब्रेनरना तेही नीट म्हणता येईना, म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही पदवी काढली होती. हे मला फार उशिरा कळलं.

प्रोटोकोलात पिस्तूल अडकल्याच्या नोंदीपुढे तीन रकाने असायचे. दोष काडतुसाचा, दोष पिस्तुलाचा, दोष नेमबाजाचा. तिसरा कशाला? तर छोटं पिस्तूल ढिल्या मनगटाने धरलं, तर त्याची वरची स्लाइड पुरती मागे जात नाही आणि ते अडकतं. तो अडथळा काडतुसाच्या नावावर धरत नाहीत. आणि फुली कुठल्या रकान्यात मारायची, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे मी.

काडतूस मीच निवडलं होतं. मीटिंगमध्ये टेबलावर चार प्रकार मांडलेले होते. मी टोकाला खोल खळगा असलेलं उचललं — असली गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी असतो, आणि कागदावर ती सगळ्यांत सरस होती. ब्रेनरनी ती दोन बोटांत फिरवली आणि आपल्या श्वाबिश बोलीत म्हणाले, "हिचं तोंड फार मोठं आहे. हा छोटा तिला गिळणार नाही." सगळे हसले. माझे कान तापले! मी सगळ्यांसमोर म्हणाले, अनुभव चांगलाच, पण माझ्याकडे आकडे आहेत. साहेबांनी मान डोलावली. ब्रेनरनी उलट मला आपला ब्रेझेल, तो वेटोळ्याचा खारा पाव, लोण्यासकट पुढे केला. मी तो घेतला नाही. बघा, किती क्षुल्लक वाटतंय आता सांगताना.

मग तो दिवस. तळघरातली रेंज, सकाळची वेळ, कानांवर जाड संरक्षक. एक्केचाळिसाव्या गोळीला पिस्तूल अडकलं. नियम असा की नेमबाजाने पिस्तूल तसंच टेबलावर ठेवायचं, मागे सरकायचं, आणि तपासणाऱ्याने बघायचं. मी बघितलं. काडतूस नळीकडे नेणाऱ्या चढणीवर नाक घासून तिरपं बसलं होतं, खळग्याची कड चेपलेली. नळीच्या तोंडाशी — अगदी ब्रेनर म्हणाले होते तस्संच. शंकेला जागाच नव्हती. मनगट ढिलं पडून अडकतं तेव्हा असं दिसत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मागून त्यांनी विचारलं, "तोंड?"

मी काडतूस काढलं, मुठीत घेतलं आणि म्हणाले, "नाही. मनगट."

झालं. एवढंच. दोन शब्द! चेपलेलं काडतूस मी बाद मालाच्या लाल डब्यात टाकलं आणि नेमबाजाच्या रकान्यात फुली मारली. मग एकशे सातव्या गोळीला पुन्हा तेच, आणि पुन्हा तोच डबा. दोनशे बाविसाव्याला तर ते स्वतःच म्हणाले, "परत मीच का?" आणि मी — मी हो म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, बाई घाबरली, नोकरी वाचवली, झालं गेलं. मीही स्वतःला कितीतरी दिवस हेच सांगितलं. पण हे पुरतं खरं नाही. खरी गोष्ट याच्या आत आहे, आणि तिच्याभोवतीच मी इतका वेळ घुटमळतेय.

त्या आधीच्या महिन्यात एकदा जेवताना ब्रेनरनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं होतं. साठीनंतर वडिलांचा उजवा हात कापायला लागला. घड्याळं दुरुस्त करायचे ते. हळूहळू स्क्रू धरवेना, मग चमचाही. सांगताना ब्रेनरनी स्वतःचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "रोज सकाळी बघतो," म्हणाले, "अजून तरी गप्प आहे." हे त्यांनी लॅबमध्ये दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

म्हणजे 'मनगट' म्हणताना मला माहीत होतं. या माणसाच्या मनात भीतीचं बीळ कुठे आहे हे माहीत होतं, आणि मी नेमका तिथेच हात घातला. पिस्तुलावर ढकलता आलं असतं की! दुसरा रकाना रिकामाच होता. पण पिस्तूल असं गप्प बसलं नसतं, त्याची वेगळी तपासणी झाली असती. ब्रेनर मात्र गप्प बसणार, याची मला खात्री होती. भीती वाटणारा माणूस वाद घालत नाही. हे मी उभ्या उभ्या, हातात पेन असताना ओळखलं. याला काय म्हणायचं? मला तर नीचपणा हाच शब्द सापडतो.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ते काडतूस त्या रक्षकांच्या कोटाखाली जाणार, हे सहन होईना. मग मी अहवालाला एक पुरवणी जोडली: साध्या गोल टोकाचं काडतूस सुचवते, त्याचा पुरवठा अधिक नियमित आहे. तेही तीनशे वेळा झाडून झालं होतं, माझा सहकारी टोबियासने झाडलं होतं, एकदाही अडकलं नव्हतं. ग्राहकाने ते घेतलं. सगळे खूश! माझी प्रोबेत्साइट पार पडली, साहेबांनी केक मागवला. काडतुसाच्या बाबतीत मी चूक निस्तरली. माणसाच्या बाबतीत, त्या पुरवणीत एक ओळसुद्धा नव्हती.

ब्रेनरना कुणी काढलं नाही. ते स्वतःच साहेबांकडे गेले आणि रेंजवरून उतरवा म्हणाले. मग ते वरच्या खोलीत रिकामी काडतुसं निवडत बसायचे. गावच्या नेमबाजी मंडळात तरुणपणापासून होते, तेही सोडलं; घरची दोन्ही पिस्तुलं रीतसर विकून टाकली. डॉक्टरांना हातात काही सापडलं नाही. पण डॉक्टरांचं काय, ब्रेनर म्हणायचे, आकडे तर फ्राऊ डोक्टरांकडे आहेत.

निवृत्त व्हायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांचे कानांवरचे संरक्षक त्यांनी मला दिले, गाद्या नव्या बसवून, पट्टा माझ्या डोक्याच्या मापाला आवळून. म्हणाले, "दुसऱ्या कुणी म्हाताऱ्याची दया येऊन लपवलं असतं. तुम्ही खरं लिहिलंत. त्याबद्दल आभार." आणि उजवा हात पुढे केला. मी तो हातात घेतला. अहो, काय पकड होती ती! घट्ट, कोरडी, स्थिर. मी डांके म्हणाले, म्हणजे धन्यवाद. डांके!

पुढे मी लॅब सोडली, दुसरीकडे लागले. फुटबॉलचा विश्वचषक इथे झाला त्याच वर्षी, डिसेंबरात, ख्रिसमसच्या बाजारात ब्रेनर आणि त्यांची बायको भेटले. ब्रेनरनी गरम वाइनचा कप दोन्ही हातांनी धरला होता, लहान मूल दुधाचा पेला धरतं तसा. त्यांच्याबरोबर दीड-दोन वर्षांची नात होती, कडेवर घे म्हणून त्यांच्या पायाला बिलगत होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला आजीकडे सरकवलं. जरा बाजूला झाल्यावर फ्राऊ ब्रेनर मला हळूच म्हणाल्या, "ही जन्मल्यापासून त्यांनी तिला एकदाही उचललेलं नाही. हातून सुटेल म्हणतात." मी समोरच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, थंडी फार वाढलीय नाही का, आणि निघून आले.

तो हात कापत नव्हता. मी मुद्दाम बघितलं, अगदी टक लावून बघितलं. नाही कापत.

गेल्या आठवड्यात टोबियासचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, ब्रेनरना दुसरं नातवंड झालं, मुलगा, तीन आठवड्यांचा आहे. फोन ठेवला आणि मी कागद घेऊन बसले. तर, जर्मन मला आता बरं येतं, तरी ते पत्र नऊ वेळा लिहिलं. पहिल्या आठांत माझा व्हिसा होता, माझं वय होतं, मीटिंगमधलं हसू होतं. नवव्यात फक्त काडतूस आहे, खळग्याची चेपलेली कड आहे, लाल डबा आहे, आणि 'तुमच्या वडिलांबद्दल मला माहीत होतं' हे वाक्य आहे. इथली रीत म्हणून शेवटी 'आपल्या उत्तराची वाट पाहते' असं लिहून गेले होते. ते खोडलं.

पत्राची एक प्रत लॅबच्या साहेबांना पाठवली. एक मी आता जिथे काम करते तिथे दिली. तिथेही माझ्या सहीवर माल पास होतो, तेव्हा ती सही कुणाची आहे हे त्यांना कळायला हवं. ते काय करायचं ते करतील.

आज सकाळी पोस्टात गेले. पार्सलमध्ये पत्र आणि ते कानांवरचे संरक्षक, पट्टा पुन्हा त्यांच्या डोक्याच्या मापाला सैल करून. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि पार्सल मागच्या गाडीत टाकलं. उद्यापर्यंत पोचेल म्हणाल्या.

एक्केचाळिसावी, एकशे सातवी, दोनशे बाविसावी. पत्रात मी तिन्ही आकडे लिहिलेत आणि प्रत्येकापुढे तेच एक वाक्य पुन्हा लिहिलंय: तुमचा हात ठीक होता.