बावीचा सवाल

लोक कोकणात समुद्र बघायला जातात, मी गेले एक सवाल ऐकायला. करुणाताई नावाच्या गायिकेचं गाणं मोबाईलवर सापडलं होतं: कोकणातल्या जाखडी नाचाची ढोलकी, भीमगीताचा जोश आणि मधूनच बास गिटार! ही खिचडी शिजते तरी कशी, म्हणून सरळ त्यांनाच फोन लावला. "या की, राजापूरजवळ आमच्याच गावात सामना हाय," म्हणाल्या. झालं, बॅग भरली.

रत्नागिरीत उतरलात तर आरे-वारेचा किनारा चुकवू नका, फक्त रिक्षावाल्याशी थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. पुढे एसटी. महामार्गाच्या कामाने हाडं खिळखिळी होतात, पण राजापूरला स्टँडजवळ बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी मिळाली आणि मी सगळं माफ केलं.

जाखडीच्या सामन्यात एक बाजू गाण्यातून सवाल टाकते, दुसरीने गाण्यातूनच जबाब द्यायचा. ताईंचा सवाल गावच्या बावीबद्दल होता. बाव म्हणजे विहीर. त्यांच्या पणजोबांनी, धाकूबाबांनी, जांभा फोडून ती खणली. पाणी लागलं आणि जातीमुळे त्यांनाच तिथे मनाई झाली. समोरच्या बाजूला होते त्याच गावचे गणूबुवा, थट्टेत त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही.

"बुवांनी हसण्यावारी नेलं तर?" मी विचारलं.

"तर आई परत माझ्या गाण्याला यायची नाय. आज पयल्यांदा येतेय."

दुपार कलल्यावर शाळेच्या मैदानात सामना रंगला. आई पहिल्या रांगेत, पदर घट्ट धरून. ताईंनी सवाल टाकला, "सांगा बुवा, बाव कुनी खणली? तहान कुनाची र्‍हायली?" गिटार थांबली. बुवांनी मिशीवरून हात फिरवला, लोक हसायच्या तयारीतच होते.

बुवांनी ढोलकीवाल्याला हातानेच गप्प केलं आणि नुसत्या गळ्याने गायलं, "धाकूबाबान खणलान, पानी आमी प्यालाव."

मग बोलले, "ह्याच्या म्होरं जबाब नाय माझ्याकडं. हरलो, पोरी."

सामन्यात बुवा हरलो म्हणत नाहीत, असं शेजारची बाई मला कुजबुजून सांगत होती आणि स्वतःच डोळे पुसत होती.

आता पुण्यात परत आलेय. चपलांतली लाल माती झाडली, काजू शेजारणीने संपवले. ताईंनी त्या गाण्याचं नवं रेकॉर्डिंग पाठवलंय, शेवटी सामन्यातली बुवांची ती ओळ तशीच ठेवून. ती संपते आणि शांततेत ताईंच्या आईचा आवाज येतो, "हां, धाकूबाबाच." तेवढ्यासाठी मी ते गाणं रोज लावते.