मोहोळ येईपर्यंतची झोप

दुपारी वीस मिनिटं झोप काढा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा सायराबानूला हसूच आलं. रक्तदाब चढलेला, डोकं ठणकायचं, हात थरथरायचे. गोळी वाढवण्याआधी एवढं करून बघा, बाई म्हणाल्या. वीसच मिनिटं, तासभर नको, उठल्यावर अंग जड होतं. सांगायला काय जातं? वीस मिनिटं आणायची कुठून?

घरात ती आणि नवरा शेखलाल, दोघंच. शेखलालने तीस वर्षं ट्रक चालवला, सोलापूरच्या चादरी कुठं कुठं पोचवल्या. आता त्याला काही आठवत नव्हतं, बायकोसुद्धा नाही. तिला तो ‘बाई’ म्हणायचा. रात्रभर जागायचा आणि दिवसा तिची पाठ वळली की सरळ बाहेर. एकदा हैदराबाद रोडला धावत्या गाड्यांच्या मधोमध सापडला. कुलूप लावलं तर दारावर डोकं आपटून घ्यायचा. लेक सना पुण्याहून रोज फोनवर विचारायची, “अम्मी, सोई क्या?” पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून ती हो म्हणायची. त्या दोन खोल्यांत तिचा जीव नुसता कोंडला होता.

एका दुपारी शेखलाल खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून बसला. ती स्टिअरिंगवरची ढब तिने ओळखली. गाडीवर त्याच्या जोडीला वळसंगचा गुरप्पा असायचा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे झोपायचं. मागचा झोपलेला असताना स्टिअरिंग सोडणारा ड्रायव्हर हरामखोर, असं शेखलाल कायम म्हणायचा. घरातली त्यांची बोली दखनी, पण त्या दिवशी ती गुरप्पासारखी बोलली.

“उस्ताद, गाडी तुमी घ्या. मी जरा पडतो. मोहोळ गाव आलं की उठवा.”

“पड की गुरप्पा. मी हाय न्हवं.”

पहिले दोन दिवस ती उघड्या डोळ्यांनीच पडून राहिली. तो जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी तिला खरोखर झोप लागली. मोबाइलचा गजर वाजून जाग आली तेव्हा तो तिथंच, रस्त्यावर नजर लावून बसलेला.

महिन्याभरात डोकेदुखी उतरली, हातांची थरथर कमी झाली. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजला आणि खूश होऊन विचारलं, काय केलंत? झोपले, एवढंच ती म्हणाली. घरी तिला रोज दुपारी गुरप्पा व्हावं लागतं, हे कुणाला सांगायचं?

काल ती आडवी होत होती, तोच तो म्हणाला, “गुरप्पा, आज कुटं थांबायचं न्हाय. सरळ घर गाठू. सायरा एकटी हाय. मी पोचल्याबिगर तिला झोप लागत न्हाय.”

तीन वर्षांत त्याच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं. तिला राहवेना.

“मैं इधरिच हूं जी,” ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. त्याचे हात गजांवरून सुटले. “बाई, तुमी गाडीत कशा?” तो उठू लागला, दाराकडे बघू लागला.

सायराबानूने तोंडावर पदर ओढला.

“उस्ताद, रस्त्याकडं बघा. बाई न्हाय कुणी हितं. मीच हाय, गुरप्पा.”

तो पुन्हा बसला, गज धरले. वीस मिनिटं ती तशीच पदराखाली पडून राहिली, पण तिचा डोळा लागला नाही.