आईचं कुंकू आणि प्रिंटरचा घोळ

सगळ्यात आधी आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या लेलेवहिनी. आम्ही प्रिंटर घेतोय हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे! माझ्या आईचा एकुलता एक फोटो पुसट होत चाललाय, म्हणून ही धावपळ.

वहिनी म्हणाल्या, "शाईचा घ्या, स्वस्त पडतो." तेवढ्यात शेजारचे चोप्राजी स्वतःचा लेझर प्रिंटरच उचलून घेऊन आले. "माताजी, सस्तेवाले की स्याही सूख जाती है. और फोटो तो ब्लॅक अँड व्हाइट ही है ना?" पटलं बाई मला.

छापून बघितलं. अहाहा, आईच्या कानातल्या कुड्यासुद्धा दिसल्या! पण कपाळावर हे काळं काय? अहो, दर दिवाळीला मी फोटोलाच कुंकू लावत आलेय. अख्ख्या फोटोत रंग तेवढा एकच, आणि तोच काळा आला!

सून म्हणते, "आई, मग शाईच्या टाकीवाला रंगीत घेऊ." तो महाग. वहिनींचा स्वस्त, पण शाई वाळते. माझं तर डोकंच चालेना. तुमच्याकडे कुठला आहे, सांगा गं. मला फक्त आईचं कुंकू लाल हवंय.

वहिनी आणि चोप्राजी दोघंही रविवारी परत येतो म्हणालेत, वहिनी आपला रंगीत प्रिंटर घेऊन.